माणसं नसलेली चित्रं

मी तुर्कस्तानच्या आधुनिक चित्रकलेचा अभ्यास करतो, असं नांदेडात कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: का? फ्रान्सचं नाव घेतलं असतं तर कुणी विचारलं नसतं. फ्रान्सची चित्रंही कुणी बघितलेली नसतात, पण ती असतात यावर सगळ्यांचा विश्वास आहे. तुर्कस्तान म्हटलं की आमच्या कॉलेजातल्या हेडक्लार्कला केस लावण्याचा दवाखाना आठवतो आणि शेजारच्या भाभींना मोबाइलवरची मालिका. भाभींनी निदान एकदा ती मालिका मध्येच थांबवून, तिच्यातल्या दिवाणखान्याच्या भिंतीवरचं चित्र मला दाखवलं आणि विचारलं, हे तुमच्यातलं आहे का, भाईसाब? ते नव्हतं. पण विचारलं तरी.

त्यामुळे लातूरच्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतून फोन आला आणि विषय तुम्हीच ठरवा म्हणाले, तेव्हा मला फार आनंद झाला. तो आनंद फोन ठेवेपर्यंतच टिकला. संयोजक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. उत्साही, आणि ऐकण्यापेक्षा बोलण्याची सवय असलेले. विषय ऐकून ते म्हणाले, चांगलाय, पण लातूरच्या माणसाला त्यात काहीतरी आपलं सापडलं पाहिजे.

आपलं होतं की. मी त्यांना समजावून सांगितलं, की आपला हा सगळा मुलूख ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच्या घरात तुर्कस्तानच्या राजघराण्यातली मुलगी सून म्हणून आली होती आणि त्या सुनेचे वडील स्वतः चांगले चित्रकार होते. नुसते हौशी नव्हेत, तिकडच्या चित्रकारांच्या मंडळाला आधार देणारे. म्हणजे इस्तंबूलच्या स्टुडिओतून निघालेला रस्ता हैदराबादमार्गे आपल्याकडंच येतो. मला वाटलं, हे ऐकून माणूस खुर्चीवरून उठेल.

"साहेब, निजामाचं नाव स्टेजवर नको," ते म्हणाले. "आपल्याकडं मुक्तिसंग्रामवाल्यांची घरं येतात ऐकायला. दुसरं काही बघा."

दुसरं काही नव्हतं. वैतागून, आणि फोन संपावा म्हणून, मी बोलून गेलो की तुर्की चित्रकारांची पहिली पिढी बरीचशी आमच्या लातूरच्या ड्रॉइंगच्या सरांसारखी होती. सर मला शाळेत होते, हे संयोजकांना माहीत होतं. सर म्हटल्याबरोबर ते पुन्हा उत्साहात आले. मी आणखी काही बोलायच्या आत फोन संपला होता.

मला काय म्हणायचं होतं, ते इथं सांगायला हवं. तुर्कस्तानात पाश्चात्त्य पद्धतीची चित्रकला आधी शिरली ती लष्करी शाळांतून. नकाशे काढायचे, किल्ल्यांचे आराखडे करायचे, म्हणून अधिकाऱ्यांना रेखाटन शिकवत. त्यातले काही पुढं रंगांकडं वळले. त्यांनी सुलतानाच्या बागा, तळी, कमानी रंगवल्या, आणि त्या बहुतेक फोटोंवरून. फार निगुतीनं. पान न् पान दिसतं. पण त्या बागांत माणूस नसतो. आमचे सरही फोटोवरून चित्रं काढायचे. उदगीरचा किल्ला, नांदेडचा घाट, खरोशाची लेणी. दगड न् दगड दिसतो आणि माणूस नाही. घाटावर माणूस नाही, असं नांदेडच्या इतिहासात कधी घडलं नसेल. म्हणजे माझं म्हणणं एवढंच होतं, की ही सुरुवातीची, नक्कल करणारी, माणसाला टाळणारी पायरी आहे. हे कौतुक नव्हतं.

चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर बॅनर आलं. एका बाजूला फेटा बांधलेले सर, दुसऱ्या बाजूला मिशावाले दोन अनोळखी तुर्क, आणि मध्ये मजकूर: तुर्कस्तानचे महान चित्रकार आणि आपले सर. खाली माझं नाव, बारीक. सरांच्या हस्ते दीपप्रज्वलन, सरांचा सत्कार, सरांच्या निवडक चित्रांचं प्रदर्शन. मी संयोजकांना फोन केला, तर ते म्हणाले, साहेब, हॉल भरणार, बघा तुम्ही. मी म्हटलं, अहो पण माझा मुद्दा तसा नाही. ते म्हणाले, मुद्दा तुम्ही मांडालच. या माणसाशी भांडताही येत नव्हतं, कारण त्यांनी आडमुठेपणा असा काही केलाच नव्हता. तुलना माझीच होती.

संध्याकाळी सरांचा फोन आला. ऐंशी ओलांडलेला माणूस, आवाज बारीक झालेला. ते म्हणाले की निलंग्याची मुलगी मुद्दाम येणार आहे, जावई रजा काढणार आहेत. मग त्यांनी विचारलं, त्या लोकांनी कोणते रंग वापरले, तैलरंगच ना? मी हो म्हणालो. तेवढ्यावर ते फार खूश झाले. तिथं मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, "मग त्यांच्याबद्दल चांगलंच बोला ना. तुमचं काय जातंय?"

इतक्या वर्षांत हा विषय मी कुणासमोर खराखुरा मांडला नव्हता. पहिल्यांदाच संधी मिळत होती आणि त्यातही खोटं बोलायचं. आणि खरं बोलायचं, तर सरांच्या मुलीसमोर, जावयासमोर, अख्ख्या लातूरसमोर त्यांना नक्कलकार म्हणायचं. रात्रभर मी सरांवर चिडलो, की या वयात एवढी हौस कशाला. सकाळी त्याची लाज वाटली. मग संयोजकांवर चिडलो, ते सोपं होतं.

लोहा, अहमदपूर करत एस.टी.नं लातूरला पोचेपर्यंत मी एक तडजोड तयार केली. माणसं नाहीत, ही उणीव म्हणायचीच नाही. ते निवडलेलं मौन म्हणायचं. निर्जनतेचं सौंदर्य. अशी भाषा आमच्या धंद्यात मुबलक आहे, आणि ती मला येते.

हॉल खरंच भरला होता. भिंतींना सरांची चित्रं टेकवून ठेवली होती आणि लोक त्यांच्यापुढं उभे राहून आपापल्या मोबाइलमध्ये त्यांचे फोटो घेत होते. सत्कार लांबला. हार, शाल, आणखी एक शाल. एका नगरसेवकानं तुर्कस्तान आणि लातूर दोन्हीकडं भूकंप झाले, हा धागा पकडला आणि सोडेचना. मला माइक मिळाला तेव्हा पुढच्या रांगेतले लोक घड्याळ बघू लागले होते.

मी बोललो. लष्करी शाळा, फोटो, बागा. आणि मग म्हणालो, की या चित्रकारांनी आणि आपल्या सरांनी माणसाला मुद्दाम बाहेर ठेवलं, म्हणजे ती जागा स्वतःच बोलेल. टाळ्या पडल्या. पुढं मी पॅरिसला गेलेल्या पिढीकडं वळणार, एवढ्यात पहिल्या रांगेतून सर उठले. त्यांना वाटलं भाषण संपलं, असं मला आधी वाटलं. संयोजक धावले. सरांनी त्यांना हातानंच बाजूला केलं.

"तसं काही न्हाई, बरं का," ते म्हणाले. माइक नव्हता, तरी ऐकू गेलं. "मुद्दाम कशाला ठेवीन? मला माणूस येत न्हाई."

हॉलमध्ये हसू फुटलं. लोकांना तो विनय वाटला. सरांनी हसू थांबेपर्यंत वाट पाहिली.

"खरं सांगायलो. माझ्या वर्गात होते त्यांना ठाऊक हाय. ड्रॉइंगच्या परीक्षेला स्मरणचित्र असायचं, त्याला मी तीन माणसं पाठ करून घ्यायचो. फुगेवाला, घागर घेतलेली बाई, पाठमोरं पोरगं. जत्रा येऊ द्या, बाजार येऊ द्या, एस.टी. स्टँड येऊ द्या, तेच तिघं."

आता हॉल वेगळंच हसला. माझ्यासकट निम्म्या हॉलनं ते तिघं काढून ग्रेड मिळवली होती.

"ते तिघं मलाबी माझ्या सरांनी दिले होते," सर म्हणाले. "चौथा कधी आलाच न्हाई." मग ते माझ्याकडं वळले. "तू त्यांचं सांगत होतास. त्यांना माणसं आली का पुढं?"

मी तयार केलेली टिपणं बाजूला ठेवली. त्यांना सांगितलं, की त्या पिढीला नाही आली. पुढच्यांना सरकारनं पॅरिसला पाठवलं, तिथं ते जिवंत माणूस समोर बसवून काढायला शिकले. पहिलं महायुद्ध पेटलं म्हणून परतावं लागलं, आणि परतल्यावर त्यांनी बोटीतल्या बायका काढल्या, सैनिक काढले, ऊन काढलं. मुलींसाठी कलाशाळा निघाली, पण तिथं आधी पुतळ्यांवरूनच शिकावं लागलं. नंतरच्यांनी माणसाचे चौकोन-त्रिकोण केले. मग प्रजासत्ताक सरकारनं चित्रकारांना लांबलांबच्या गावांत पाठवलं, जा, आपली माणसं बघून काढा म्हणून. कुणी गालिच्यातली नक्षी चित्रात आणली. हे सगळं मी बहुधा दहा मिनिटांत सांगितलं, आणि माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात बरं व्याख्यान असावं, कारण मी एकाच माणसाला सांगत होतो.

"म्हणजे समोर बसवावं लागतं," सर म्हणाले.

"हो सर."

"आणि तू? तुला येतं?"

संयोजकांनी आभारासाठी माइककडं हात नेला होता. मी म्हटलं, "मी काढत नाही सर आता. नुसतं सांगतो." मगाशी मी तुमच्याबद्दल बोललो ते खोटं होतं, हेही म्हणालो. सर म्हणाले, ते कळलं, म्हणून तर उठलो.

त्यांच्या मुलीनं त्यांना बसवायचा प्रयत्न केला. ते बसले, पण स्टेजच्या कडेला, आणि प्रदर्शनाच्या टेबलावरचे कोरे कागद मागवले. एक मला दिला, एक मांडीवर ठेवला. मग संयोजकांना म्हणाले, तुम्ही बसा खुर्चीवर. संयोजक म्हणाले की आभारप्रदर्शन राहिलंय, चहा आलाय, हॉल रिकामा करायचाय. सर म्हणाले, बसा. ते बसले.

काही लोक चहाला गेले. बरेच थांबले, आमच्या मागं येऊन उभे राहिले. माझा हात लाकडासारखा झाला होता. संयोजकांचा जबडा मी तीनदा खोडला आणि मागं कुणीतरी, हे नांदेडचे प्रोफेसर का, असं हळूच विचारलं. सरांच्या कागदावर आधी खुर्ची आली. सुरेख, पाय न् पाय बरोबर, सावलीसकट, आणि रिकामी. मग ते पेन्सिल धरून नुसते बघत राहिले. इतका वेळ, की मला त्यांच्या कागदावरून नजर काढून घ्यावीशी वाटली. शेवटी त्यांनी खुर्चीच्या पाठीवर, थोडं वर, संयोजकांचं टक्कल सुरू केलं.

खिशातला फोन वाजला आणि संयोजकांनी मान वळवली.

"ओ, हलू नका," सर वैतागून म्हणाले. "आता कुठं येऊ लागलंय."