सूरजराजांचे गाल

सूरजराजांचे गाल मी आजवर सात वेळा भरले आहेत. मुरबाडच्या नाक्यावर माझं फ्लेक्सचं दुकान आहे. मोबाइलवर फोटो येतो, मी तो कॉम्प्युटरवर घेतो, रंग उजळतो, डोळ्यांखालचं काळं पुसतो, गाल दोन्हीकडून फुगवतो आणि दहा बाय वीसचा राजा छापून देतो. लोक कामाची तारीफ करतात. मला आता त्या कामाची किळस आली आहे. ती यायला तीन वर्षं लागली, याचा राग स्वतःवरच येतो. पण हे माझ्याबद्दल नाही. हे माझ्या थोरल्या बहिणीबद्दल, संजीवनीबद्दल आहे. अख्खा पाडा तिला भांडखोर म्हणतो.

सिद्धगडाच्या बाजूला डोंगराला चिकटून बोरीचा पाडा आहे. ताई तिथे लग्न होऊन गेली आणि दोन वर्षांत अंगणवाडीची बाई झाली. त्याला आता एकोणीस वर्षं होतील. दहावीला गणितात नापास झालेली ही बाई आज पाड्यातल्या प्रत्येक पोराचं वजन ग्रॅमसकट तोंडपाठ सांगते. एकदा वजनाच्या दिवशी एक घर पोराला घेऊन लग्नाला गेलं, तर ही काटा खांद्याला लावून हळदीच्या मांडवात शिरली. तिथल्याच वाशाला काटा टांगला, झोळीत पोर घातलं, आकडा लिहिला आणि जेवायला न थांबता परत आली. वऱ्हाडी हसले. ती हसली नाही. तिला हसण्यावारी नेलेलं खपत नाही, आणि माझ्या मते तिचं तेच बरोबर आहे.

तर हा सूरज. बारकूबाबाचा नातू, पारूचा मुलगा. बाप आसनगावला एका गोदामावर रखवालदार आहे, पंधरा दिवसांनी घरी येतो. पोर साडेसात महिन्यांचंच जन्मलं, वजन अठराशे ग्रॅम. दोन महिने ताई रोज त्यांच्या घरी जायची आणि पारूला पोर उघड्या छातीशी बांधून बसवायची. पोर जगलं ते त्या उबेवर. पण ही गोष्ट कुठल्या फ्लेक्सवर छापून येत नाही.

फ्लेक्सवर येतं ते वेगळंच. सुदामभाऊ आमच्या भागातले पुढारी. पक्ष सांगत नाही, दर निवडणुकीला बदलतो. त्यांना कुठल्याशा जाणकाराने सांगितलं की पाड्यावरच्या पडक्या चौकीचा जुना नाईक म्हणजे बारकूबाबाच्या घराण्यातला. नाईकाचा सरदार झाला, सरदाराचा राजा व्हायला महिनाही लागला नाही. पोराच्या बारशाला सुदामभाऊ चार गाड्या घेऊन आले. बोटभर पोराच्या डोक्यावर फेटा ठेवला, तो नाकापर्यंत घसरला आणि सगळ्यांनी राजेंचा जयजयकार केला. घरात नाही दाणा अन् मला बाजीराव म्हणा, ही म्हण आमच्याकडे थट्टेने म्हणतात. इथे तो फेटाच खरा मानला गेला.

पुढे तीन वर्षं ते पोर उद्घाटनांना गेलं. जत्रा, कबड्डीचे सामने, मोटरसायकलचं शोरूम, सगळीकडे. दुपारच्या उन्हात जरीचा अंगरखा घालून मांडवात बसवायचं, शंभर माणसांनी गालाचे मुके घ्यायचे, हातात पेढा नाहीतर क्रीमची बिस्किटं द्यायची आणि रात्री जीपमधून घरी सोडायचं. पोर दुसऱ्या दिवशी तापाने फणफणायचं, नाहीतर जुलाब व्हायचे. ताई जाऊन भांडायची. बारकूबाबा म्हणायचे, राजांना लोक बोलावतात, नाही कसं म्हणायचं.

बारकूबाबाला मी वाईट म्हणणार नाही. त्याच्या आयुष्यात त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं. आता बायका त्याच्या पाया पडत होत्या. राग येतो तो ज्यांनी त्याची ही भूक ओळखली आणि वापरली त्यांचा.

यंदा गडदिन रविवारी होता, म्हणजे सुदामभाऊंची गडाच्या नावाने निघणारी मिरवणूक, पुढे घोड्यावर सूरजराजे. त्याच्या आधीच्या सोमवारी ताईने सूरजच्या दंडाला टेप लावली. साडेतीन वर्षांचं पोर. टेपवर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे असतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आलं की लाल. सूरजचा दंड भरला अकरा पूर्णांक दोन. तिने तीनदा मोजलं. पायावर अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहिला, म्हणजे सूजही आलेली. अशा पोराला मोठ्या सरकारी दवाखान्यात चौदा दिवस ठेवायला लागतं, आणि तेही लगेच. तिने त्याच दिवशी वर कळवलं आणि संध्याकाळी बारकूबाबाच्या ओटीवर जाऊन बसली.

बारकूबाबाने सगळं ऐकलं. मग म्हणाला, “बाय, जल्मभर मला कोनी खुर्ची दिली नाय. आता देतात. सात दिस थांब, मंग ने.”

“खुर्ची तुमाला, बाबा,” ताई म्हणाली, “आनि मरायचं त्या पोरानं.”

म्हातारा उठून आत गेला. पारू चुलीपाशी होती, तिने मान वर केली नाही.

मंगळवारी सुदामभाऊंचा फोन आला. भाषा गोड होती. ताई, तुमचं काम मोठं आहे, पण राजघराण्याचं पोर कुपोषित अशी बातमी गडदिनाच्या तोंडावर फुटली तर समाजाची मान खाली जाईल, तेवढं बघा. बुधवारी पर्यवेक्षिका बाई स्वतः आल्या. त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, टेप जास्त ओढली गेली असेल, पावणेतेरा लिहा, म्हणजे हिरव्यात येईल. दीड सेंटिमीटरने कोणाचं काय बिघडतं. ताईने टेप त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाली, तुम्ही मोजा, तुम्ही लिहा, खाली तुमची सही करा. बाईंनी टेपला हात लावला नाही. कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडायचं थांबत नाही, हे त्यांनाही कळत असावं. फक्त उजाडताना त्यांचं नाव कुठे दिसायला नको होतं.

गुरुवारी ताईने पारूला नळावर गाठलं. समजावलं नाही. टेप तिच्या हातात ठेवली आणि घरी गेल्यावर तूच लाव, म्हणाली. आईनेच पोराचा दंड कसा मोजायचा, हे ताईने तिला आधीच शिकवून ठेवलं होतं. शुक्रवारी पहाटे पारू पोर कडेवर घेऊन ताईच्या दारात उभी होती, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी. सासऱ्याला विचारलं नव्हतं. सकाळच्या पहिल्या एसटीने त्या निघाल्या.

मुरबाडला गाडी बदलायची होती, तासभर वेळ होता, म्हणून ताई दोघांना घेऊन माझ्या दुकानात आली. मी रात्रभर जागून गडदिनाचे आठ फ्लेक्स छापले होते, ते दुकानभर वाळत पसरले होते. आठही फ्लेक्सवर सूरजराजे, गुबगुबीत, लालचुटूक. पारूला मी आधी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या कडेवर एक पोर होतं. मोठं डोकं, पिवळट पडलेले विरळ केस, काडीसारखे हात. मी विचारलं, हे कोणाचं गं?

पोराने फ्लेक्सकडे बोट केलं आणि म्हणालं, “बाबू.” दुसऱ्या कुणाचं तरी बाळ दिसल्यावर म्हणतात तसं.

तीन वर्षं मी ज्याच्या तोंडावर पोट भरलं, तो फेट्याशिवाय माझ्यासमोर होता आणि मी त्याला ओळखलं नाही. त्यानेही स्वतःला ओळखलं नाही. मी दूध आणायला धावलो, पारूने दोन घोट पाजले, मग त्यांची गाडी आली. आता खरं सांगायचं तर सगळंच सांगतो. दुपारी सुदामभाऊंचा टेम्पो आला आणि आठही फ्लेक्स मी मुकाट्याने चढवून दिले.

मला वाटलं होतं, रविवारी घोड्यावर कोणी नसेल आणि लोक विचारतील. कसलं काय. घोड्यावर सुदामभाऊंचा पाच वर्षांचा पुतण्या होता. तोच फेटा, तोच अंगरखा, बटणं तेवढी ताणलेली. माझ्या फ्लेक्सवरच्या तोंडाशी त्याचं तोंड चांगलं जुळत होतं. तीन हजार माणसांनी सूरजराजांचा जयजयकार केला. पाड्यातल्या माणसांना माहीत होतं, पण एकानेही तोंड उघडलं नाही. घोड्याचा लगाम बारकूबाबाने धरला होता. आपला नातू कुठल्या वॉर्डात पडलाय हे माहीत असून तो म्हातारा परक्या पोरापुढे चालत होता आणि रडत होता. लोकांना वाटलं, अभिमानाने रडतोय.

सोमवारी पेपरात फोटो आला. गुरुवारी ताईला नोटीस आली. सुदृढ बालक तीव्र कुपोषित असल्याची खोटी नोंद केली, कुटुंबाची व समाजाची बदनामी केली, सेवा समाप्त का करू नये, सात दिवसांत खुलासा द्या. सोबत पुरावा म्हणून घोड्यावरचा फोटो. मी ते वाचलं आणि माझं डोकं भणाणलं. साल्यांनी पोर बदललं, आणि आता तेच पोर दाखवून माझ्या बहिणीला खोटी ठरवतायत.

मी दुकान बंद केलं आणि दवाखाना गाठला. सूरजच्या नाकात नळी होती. ती लावूनच हळूहळू दूध द्यायचे, आता थोडी खिचडीही सुरू केली होती. पारू त्याला वाटीतून बोटाने भरवत होती. ताई खाटेच्या कडेला बसून खुलासा लिहीत होती. मी मोबाइल काढला. म्हटलं, ताई, हा फोटो लाव तुझ्या कागदाला, नळीसकट, बरगड्यांसकट. एवढंच नाही, मी तो मोठा छापतो, फुकट छापतो, नाक्यावर त्यांच्या फ्लेक्सशेजारी लावतो. बघू दे लोकांना राजा.

तिने मोबाइलवर हात ठेवला.

“तुलाबी राजाच पायजे, ज्ञाना,” ती म्हणाली. “आधी गुबगुबीत पायजे होता, आता मरतुकडा पायजे. याचा फोटो आता कोनी काढायचा नाय. मीबी नाय.”

मी म्हटलं, मग तुझी नोकरी जाईल. ती म्हणाली, जाईल कदाचित. एकोणीस वर्षांचं काम आहे ते, आणि घरात तिच्याशिवाय कमावणारं कोणी नाही. ती घाबरली नव्हती असं मी सांगणार नाही. तरी कागदावर तिने एवढंच लिहिलं होतं की मूल अमुक दवाखान्यात, अमुक खाटेवर दाखल आहे, ज्यांना शंका असेल त्यांनी स्वतः येऊन दंड मोजावा. आजवर कोणी आलेलं नाही.

मी मोबाइल खिशात घातला. पारूला वाटी धुवायला जायचं होतं, तिने पोर माझ्या मांडीवर दिलं. इतकं हलकं मूल मी कधी उचललं नव्हतं. त्याने खिचडीचा हात माझ्या शर्टाला पुसला, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि झोपून गेला. ताईने कागद गुडघ्यावर धरला आणि खाली सही केली.