शारजातला लामचा डाव

विमान खाली येऊ लागलं तेव्हा खिडकीतून आधी फिकट हिरवा समुद्र दिसला, मग वाळू, आणि त्या वाळूतून सरळसोट जाणारे काळेभोर रस्ते. मुक्ताने मानही वर केली नाही. ती टॅबवर डावांची सुरुवात घोकत होती. माझी ही मुलगी पंधरा वर्षांची. तिच्या बुद्धिबळाच्या खुल्या स्पर्धेसाठी आम्ही दोघी सांगलीहून शारजाला आलो होतो.

विमानतळावर मावसभाऊ विलास न्यायला आला होता. तो हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत आहे. "चल ताई, यल्ला (चला आता), ट्रॅफिक लागायच्या आत निघू," म्हणत त्याने बॅगा उचलल्या.

पहिल्याच फेरीत मुक्तासमोर व्हिएतनामचा ग्रँडमास्टर आला. लाम, वीस वर्षांचा, बारीक अंगाचा, चष्मा सारखा नाकावर ढकलणारा. मुक्ता हरली. आता ही रडणार, म्हणून मी रुमाल काढून ठेवला होता. पण ती बाहेर आली ती लामशी बोलतच. त्याने कोपऱ्यातल्या पटावर पुन्हा सोंगट्या मांडल्या. "इथे तू घाबरलीस," तो इंग्रजीत म्हणाला. "तोवर तुझंच बरं चाललं होतं."

शेजारी चहाचा थर्मास घेऊन एक बाई बसल्या होत्या. लामची आई. आमच्यात समान भाषा एकही नव्हती, म्हणून आम्ही फोनमध्ये बोलून भाषांतर करून घेऊ लागलो. माझी मुलगी घोडे छान चालवते, असं मी कौतुकाने सांगितलं. त्यांनी आदराने विचारलं, तुमचा तबेला आहे का? लाम हसून हसून टेबलावर वाकला.

मग रोज दुपारी आम्ही चौघं एकत्र जेवू लागलो. मचबूस (मसाल्याचा भात, वर शिजवलेलं मटण) खाताना लाम थोडं थोडं सांगायचा. मेकाँग नदीकाठच्या गावात त्यांचं फोचं (नूडल्सच्या गरम रश्श्याचं) दुकान. शाळेतल्या मास्तरांनी त्याला खेळ शिकवला. दहाव्या वर्षापासून तो प्रशिक्षकांबरोबर परदेशी जाऊ लागला आणि मिसरूड फुटायच्या आत ग्रँडमास्टर झाला. पण गेली काही वर्षं तो जिथल्या तिथेच होता.

"आता कॉलेजला जाणार. ही शेवटची मोठी स्पर्धा," तो म्हणाला. "आईने मला खेळताना कधी पाहिलं नाही. दुकान सोडून निघता येत नव्हतं. या वेळी शटर ओढून आली."

पण आल्यापासून त्या हॉलबाहेरच बसत होत्या. मी कारण विचारलं. फोन म्हणाला, "मी आत गेले आणि तो हरला तर?"

शेवटच्या फेरीत मुक्ताचा डाव लवकर आटोपला. "लामचं बरोबरीत आहे," तिने बाहेर येऊन सांगितलं. मी उठले, लामच्या आईचा हात धरला आणि त्यांना आत नेलं. फोन बाहेर ठेवावे लागले. दोरीमागे आम्ही तिघी बसलो. तेवढ्यात लामसमोरचे पांढऱ्या दाढीचे ग्रँडमास्टर हळूच काही बोलले. लामने मान वर केली. त्याला आई दिसली. त्याने नकारार्थी मान हलवली आणि खुर्ची पुढे ओढली.

"ड्रॉ देत होते ते," मुक्ता माझ्या कानात म्हणाली. "घ्यायचा ना."

पुढे त्याचं एक प्यादं गेलं, मग दुसरं. मुक्ताचा चेहरा उतरला. लामच्या आईने भुवया उंचावून मला विचारलं. खोटं सांगवेना, म्हणून मी नुसता त्यांचा हात दाबला. त्यांनी तो शेवटपर्यंत सोडला नाही. लाम डोकं दोन्ही हातांत धरून लढत राहिला. आजूबाजूची टेबलं रिकामी झाली. अखेर पटावर दोन राजे तेवढे उरले आणि दोघांनी हात मिळवले.

"जिंकला?" बाहेर येताच त्यांनी फोनमधून विचारलं.

"नाही. हरलाही नाही," मी म्हटलं. त्यांनी लामची कॉलर नीट केली.

त्यांचं लक्ष नाही असं पाहून मी त्याला विचारलं, "आधीच ड्रॉ का नाही घेतलास?"

"ती नुकतीच येऊन बसली होती, आंटी. मी लगेच उठलो असतो तर तिने काय पाहिलं असतं?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विलासने आम्हां सगळ्यांना खाडीकाठच्या बर दुबई भागात नेलं. अब्रामधून (खाडी ओलांडणाऱ्या लाकडी होडीतून) जाताना त्याने लामला विचारलं, "म्हणजे चेस खलास (संपलं)?"

"सुट्टीत खेळेन," लाम म्हणाला. "आईला येता येईल तिथे."

त्याच्या आई पाण्याकडे बघत होत्या. मग त्या फोनला काहीतरी सांगू लागल्या आणि त्यांनी तो माझ्या कानाशी धरला. "इतकी वर्षं मला वाटायचं, तो परक्या गावी एकटाच बसलेला असतो. काल पाहिलं. समोर कोणीतरी असतं. तितकाच वेळ, तितकंच दमलेलं."

परतीच्या विमानात मुक्ता माझ्या खांद्यावर झोपली आणि मी तेच वाक्य घोळवत बसले. मुक्तासमोर बसणाऱ्या मुलांकडे मी आजवर कधी धड पाहिलंच नव्हतं. ती हरावीत, एवढंच मनात असायचं.

परवा सांगलीत मुक्ताचा सामना झाला. समोर कराडची एक मुलगी होती, एकटीच एसटीने आलेली. डाव संपल्यावर मी डबा उघडला आणि तिलाही हाक मारली.