बारा हार्मोनिका, एकच दुखणं

मी वाजवत होतो आणि माझं बरं चाललं होतं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या संध्याकाळबद्दल बरं सांगण्यासारखं दुसरं काही नाही. गोंदियातल्या एका संगीत मंडळाचा हौशी कलावंतांचा कार्यक्रम होता. गिटारवाला मुलगा पांढरी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीला सा मानून, ब्लूज धरून बसला होता आणि मी त्यावर हार्मोनिका वाजवत होतो. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं गाणं. तक्रार करायची, पण तालात. मी तेव्हा एका राइस मिलमध्ये तांदळाची प्रत पाहायचो. ताटलीत मूठभर तांदूळ घ्यायचा आणि चिमट्यानं अख्खा दाणा वेगळा, तुकडा वेगळा करायचा. दिवसभर हे करणाऱ्या माणसाला तक्रारीचं संगीत समजायला वेळ लागत नाही.

गाण्याचा दुसरा फेरा सुरू झाला आणि पहिल्या रांगेतून मंडळाचे अध्यक्ष उठले. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस. अंगात जाकीट, गालात खर्रा. माझी ओळख मिलच्या नोकरीसकट करून दिलेल्या निवेदकाच्या हातून त्यांनी माइक घेतला.

"थांबा, थांबा. भाऊ, गाणं कुठल्या पट्टीत चाललं आहे?"

"पांढरी पाच," मी म्हटलं.

"आणि तुमच्या हातातला माउथ ऑर्गन?"

"पांढरी एकचा."

अध्यक्ष लोकांकडे वळले. "बघा! यांना पट्टीसुद्धा माहीत नाही. अरे भाऊ, तांदूळ निवडायचं सोडून हे कशाला?"

लोक हसले. गोंदियात अध्यक्ष विनोद करतात तेव्हा हसायची पद्धत आहे. मग त्यांनी माझ्या हातातून हार्मोनिका घेतली, खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि दोन नंबरच्या छिद्रातून जोरात श्वास ओढला. गळा धरलेल्या वासरासारखा आवाज आला.

"बिलकुल मेलेला आहे! दोन नंबर गेलाय," त्यांनी माइकवरून निदान सांगितलं आणि ओलीचिंब हार्मोनिका मला परत दिली.

बायको चौथ्या रांगेत बसली होती. घरी, फुलचूरला, आम्ही स्कूटरवरून निघालो. घराजवळच्या वळणावर म्हणाली, "तेच्या तोंडातला खर्रा तुमच्या बाज्यात गेला जी."

गेला होता. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटून केलेली ती चीज आमच्या जिल्ह्यात सकाळच्या चहाआधी सुरू होते. हार्मोनिका वाजवायची तर आधी तोंड धुवावं, खाऊन लगेच वाजवू नये आणि वाजवून झाल्यावर ती तळहातावर छिद्रं खाली करून ठोकावी, म्हणजे आतली लाळ निघते. एवढे साधे नियम आहेत. मी झाकणाचे दोन स्क्रू काढले. तीन नंबरच्या पितळी पत्तीखाली सुपारीचा एक तुकडा अडकला होता. पत्ती म्हणजे केसाएवढ्या फटीत थरथरणारी पातळ पट्टी. सूर तीच देते. तुकडा मी मिलमधल्या चिमट्यानं काढला. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला त्या वासाचा एवढा संताप आला की मी हार्मोनिका उघडीच नळाखाली धरली. तिचा आतला सांगाडा लाकडी होता. लाकूड फुगलं, दातांसारखं पितळी पत्र्यांच्या बाहेर आलं आणि दुसऱ्या दिवशी वाजवताना माझा ओठ कापला. हा गुन्हा माझा, पण मी तो त्यांच्याच खात्यावर टाकला.

आता त्यांचं चुकलं काय, तेही सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. दहा छिद्रांच्या हार्मोनिकात प्रत्येक छिद्रात दोन सूर असतात, एक फुंकायचा आणि एक ओढायचा. पांढरी एकची हार्मोनिका पांढरी एकमध्येच वाजवली तर ती पहिली पोझिशन. त्यात बहुतेक काम फुंकण्याचं, सूर सरळ, बालवाडीतल्या गाण्यांना उत्तम. पण तीच हार्मोनिका हातात ठेवून तिच्या पंचमाला षड्ज मानलं, तर आपण पांढरी पाचमध्ये येतो आणि आपोआप खमाज थाट मिळतो. ही दुसरी पोझिशन. यात सूर ओढून घ्यायचे असतात, आणि ओढलेला सूर तोंडाच्या आत वाकवता येतो. गंधार कोमलही नाही आणि शुद्धही नाही, अशा जागी नेऊन ठेवता येतो. ब्लूजचं सगळं दुःख त्या जागी राहतं. ऋषभाला षड्ज केलं की तिसरी पोझिशन, काफीच्या वळणाची, आणखी उदास. म्हणजे मी बरोबर होतो आणि अध्यक्ष पहिल्या पोझिशनच्या बाहेर कधी पडलेच नव्हते.

दुसऱ्या पोझिशनचा षड्ज म्हणजे दोन नंबरच्या छिद्रात ओढलेला सूर, आणि तोच नवशिक्याला येत नाही. नवशिका जबडा आवळतो, जोरात ओढतो, सूर घशात चिरडला जातो आणि त्याला वाटतं हार्मोनिकाच बिघडली आहे. जांभई देताना घसा उघडतो तसा उघडून हलकेच श्वास घेतला की सूर येतो. तीन नंबरमध्ये फुंकलं तर तोच सूर निघतो. दोन्ही जुळवून पाहावेत. मला हे समजायला दोन महिने लागले होते.

पुढची आठ वर्षं मी राग नीट सांभाळला. मिल सोडली, पण चिमटा ठेवून घेतला. पत्त्या घासायला बारीक कानस घेतली. टोकाकडे घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. घासलेलं परत येत नाही. आधी स्वतःच्या मोडक्या हार्मोनिकांवर शिकलो, मग तिरोड्याहून, सौंदडहून लोक आपल्या घेऊन येऊ लागले. तुटलेली पत्ती, गंजलेला स्क्रू, आत मेलेली मुंगी. प्रत्येक वेळी झाकण उघडताना मला तो सुपारीचा तुकडा दिसायचा.

यंदा धानाच्या रोवणीच्या दिवसांत, दुपारी, दारात गाडी थांबली आणि अध्यक्ष उतरले. हातात चामड्याची पेटी होती. त्यांनी ती माझ्या टेबलावर उघडली. आत लाल मखमलीत बारा हार्मोनिका, प्रत्येक पट्टीची एक.

"भाऊ, तुमचं नाव खूप ऐकलं आहे," ते म्हणाले.

मी वाट पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. ज्या माणसासाठी मी आठ वर्षं झुरलो, त्याला मी आठवतही नव्हतो. हे मला त्या संध्याकाळपेक्षा जास्त लागलं.

"काय बिघडलं आहे?" मी विचारलं.

"दोन नंबर."

"कुठल्या पट्टीचा?"

"सगळ्यांचा," ते म्हणाले. "बाराच्या बारा. कंपनीचाच माल खराब येतो आजकाल. आणि आठ दिवसांनी माझा सत्कार आहे. गिटारवाला पोरगा म्हणतो, सर, ब्लूज वाजवा, क्रॉसमध्ये वाजवा. आता ते दोन नंबरशिवाय होत नाही म्हणे."

क्रॉस म्हणजे दुसरी पोझिशन. मी मान खाली घालून पेटी न्याहाळत राहिलो, कारण चेहऱ्यावर माझा ताबा नव्हता.

ते गेल्यावर बायको बाहेर आली. तिनं चहा दिला होता, त्यात साखर नव्हती, आणि अध्यक्षांनी तो सभ्यपणे संपवला होता.

"तेले आठवण नाही, मले आहे," ती म्हणाली. "कानस कुठं आहे तुमची?"

कानस माझ्या हातातच होती. पांढरी एकची हार्मोनिका उघडली होती, दोन नंबरची पत्ती समोर होती. मुळाशी चार वेळा कानस फिरवली असती तर सूर कायमचा बेसूर झाला असता आणि जगातल्या कुठल्याही कानाला कारण कळलं नसतं.

"काऊन थांबले जी? घासा ना."

"घासली तर तो खरा ठरेल."

"मंजे?"

"तो म्हणतो हार्मोनिका बिघडली आहे. मी बिघडवली तर त्याचं म्हणणं बरोबर. मला त्याला वाद्याकडे बोट दाखवायला जागाच ठेवायची नाही."

तिनं थोडा विचार केला. "हे त्याहून वाईट आहे," ती म्हणाली, आणि समाधानानं आत गेली.

सात दिवस मी त्या बारा हार्मोनिकांवर असं काम केलं, जसं कुणावर उपकार करायचे असतानाही केलं नव्हतं. प्रत्येक उघडली, तंबाखूची पूड ब्रशनं काढली, पत्त्यांच्या फटी सारख्या केल्या, एक-एक सूर जुळवला. दोन नंबर तर आरशासारखे झाले.

घ्यायला आले तेव्हा मी त्यांच्यासमोर बाराही हार्मोनिकांतला दोन नंबर वाजवून दाखवला. हार्मोनिका उचलायची, रुमालानं पुसायची, ओढायची, सूर वाकवून खाली न्यायचा, परत वर आणायचा, पुन्हा मखमलीत ठेवायची. बारा वेळा. सातव्या-आठव्या वेळी त्यांनी खर्रा चघळणं थांबवलं. बाराव्यानंतर त्यांनी स्वतः पांढरी एक उचलली आणि ओढली. वासरू आलं.

"मग माझ्याकडून काऊन नाही होऊन राहिलं?" ते म्हणाले. अधिकारीपणाची भाषा त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच गळाली होती.

उत्तर एका वाक्याचं होतं. घसा उघडा, हलकं ओढा. ते माझ्या जिभेवर होतं आणि मी ते तिथंच ठेवलं.

"वाद्याचं काम माझं," मी म्हटलं. "ते झालं."

सत्काराला मी चौथ्या रांगेत बसलो, बायकोसह. मागच्या फ्लेक्सवर अध्यक्षांचा फोटो होता आणि खाली 'स्वरसम्राट' असं लिहिलं होतं. आमच्या शहरात फ्लेक्सवर इतके सम्राट आहेत की प्रजा कुठं राहते कळत नाही. गिटार सुरू झाली. पांढरी पाच. अध्यक्षांनी पांढरी एकची हार्मोनिका तोंडाला लावली, मी पुढे वाकलो, आणि वासरू माइकमधून सभागृहभर ओरडलं. एकदा, दोनदा, प्रत्येक फेऱ्याच्या सुरुवातीला.

मी आठ वर्षं ज्याची वाट पाहिली ते हे. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. उभे राहून वाजवल्या. शाल आली, नारळ आला, कुणीतरी वाकून पाया पडलं. ऐकलं कुणीच नव्हतं.

"लोक तं टाळ्या वाजवून राहिले," बायको म्हणाली. "तुमाले काय भेटलं?"

काहीच नाही. मी सूड असा बारीक केला होता की तो समजायला कान लागत होते, आणि सभागृहात असे कान तिघांचे होते: गिटारवाल्याचे, माझे आणि, हे मला शालीच्या वेळी दिसलं, अध्यक्षांचे. ते खाली बघत होते. शाल खांद्यावरून घसरली तरी सावरली नाही.

चौथ्या दिवशी ते आले. गाडी नव्हती, रिक्षानं आले होते. जाकीट नव्हतं. हातात एकच हार्मोनिका.

"शिकवाल का?" त्यांनी विचारलं.

मी अंगणातला नळ दाखवला. "आधी खर्रा थुंका. चूळ भरा. तीनदा."

त्यांनी तीनदा भरली. तोंड पुसताना ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. "भाऊ, आपण आधी कुठं भेटलो होतो का?"

"नाही," मी म्हटलं. माफी मागायची सोय मला त्यांच्यासाठी ठेवायची नव्हती.

तेव्हापासून ते मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. वेळेवर येतात, सांगायच्या आधी चूळ भरतात, जाताना हार्मोनिका तळहातावर ठोकून पुसून ठेवतात. मी त्यांना फक्त दोन नंबर देतो. गाणं नाही, तीन नंबर नाही, सूर वाकवणं तर दूरच. घसा उघडायची गोष्टही मी तिसऱ्या आठवड्यात सांगितली, तीही अर्धी. बाकीची अर्धी त्यांनी स्वतःची स्वतः शोधून काढली, याचा मला अजून राग आहे.

आता धान कापून झालं आहे. मागच्या शुक्रवारी त्यांनी डोळे मिटले, जबडा सैल सोडला आणि श्वास घेतला. सूर आला. स्वच्छ, भरलेला, तीन नंबरच्या फुंकेशी तंतोतंत जुळणारा. स्वयंपाकघरातली भांडी थांबली. बायकोनंही ऐकलं होतं. अध्यक्षांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, शाळेतल्या पोरासारखं.

मी खिडकीबाहेर पाहत म्हटलं, "अजून नाही. पुन्हा."

आणि त्यांनी पुन्हा ओढला.