पोटभर जेवून शिबिराला

उन्हाळ्याच्या सुट्टीत आकुर्डीला आमच्या वस्तीतल्या विहारात मुलांसाठी फुकट शिबिर सुरू झालं. चित्रकला, खो-खो, थोडं इंग्रजी आणि दुपारचं जेवण. जेवण कशाला, ते सगळ्यांना ठाऊक होतं. शाळा बंद म्हणजे शाळेतली खिचडीही बंद, आणि आमच्या आया चाकणच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला. आता आईचा पहाटेचा स्वयंपाक सुटेल, तिला जरा जास्त झोप मिळेल, असं मी धरून चालले होते.

आईने तसं काही धरलं नव्हतं. परक्या पंगतीत उपाशीपोटी गेलं की पोरं हावरट दिसतात, हे तिचं ठाम मत. त्यामुळे ती अंधारात उठून मला आणि धाकटीला भाकऱ्या थापायची आणि कंपनीच्या बससाठी पळता पळता बजावायची, "जेवूनच जायाचं. आन तिथं परत मागायचं न्हाई." एरवी चटणीवर भागायचं, फुकट जेवण सुरू झाल्यापासून भाजीही व्हायला लागली. वस्तीत घरोघरी हेच.

शिबिरात वाढायला आले की आम्ही सगळे लग्नातल्या पाहुण्यांसारखे ताटावर हात आडवा धरायचो. "नको ताई, पोट भरलंय." शिबिर चालवणाऱ्या ताई निगडी प्राधिकरणातून स्कूटरवर यायच्या. बाई भली. आठवडाभर वरणभाताचं पातेलं भरलेलंच परत जाताना त्यांनी पाहिलं आणि डोळ्यांना दिसलं त्यावर विश्वास ठेवला. या मुलांना जेवणाची गरज नाही, सोमवारपासून बिस्किटं.

मी घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये बायकांची बैठक भरली असावी, कारण आई ठराव घेऊनच घरी आली. "उद्या सकाळी कुनीच गॅस पेटवायचा न्हाई. तिथंच जेवा. दाबून."

त्या पहाटे मला सवयीने जाग आली. भाकरी थापल्याचा आवाज नव्हता. आई उताणी पडून वरच्या पत्र्याकडे बघत होती.

"झोप की," मी म्हणाले.

"पोरं उपाशी धाडायची आन झोपायचं व्हय?"

मला तिचा भयंकर राग आला. एवढा खटाटोप करून ही जागीच.

दुपारी आम्ही पातेलं खरवडून काढलं. ताई वाढून वाढून दमल्या, शेवटी स्वतःच्या डब्यातली पोळीही त्यांनी धाकटीला दिली. "आज झालंय काय तुम्हाला?" त्यांनी विचारलं. सगळ्यांची तोंडं भरलेली होती. बिस्किटं रद्द झाली.

आईने शिफ्टवरून येऊन दारातच विचारलं, "परत मागितलं?"

"दोनदा." धपाटा बसणार म्हणून मी मागे सरकले.

"बरं केलंस," ती म्हणाली आणि कंपनीचा युनिफॉर्म न बदलताच फरशीवर आडवी झाली. दिवस मावळला तरी उठली नाही. आम्हीही दिवा लावला नाही.