दारुड्यांच्या मीटिंगमध्ये ठरलेला माझा विषय

नववीत शाळा सोडून चंद्रपूरकडून निघालो आणि केडगावच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात चिकटलो. काम काय, तर फरशी पुसायची, चहा द्यायचा आणि नव्या पेशंटच्या पिशवीतली क्वार्टर हुडकायची. नाव कुणी विचारलं नाही, "ए चंद्रपूर" एवढ्यावर भागलं. इथल्या डॉक्टर मॅडमनी मात्र पाठीमागं लागून सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला, दहावी करून घेतली, मग बारावी, मग मानसशास्त्रात बी.ए. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. ते फिटू नयेत म्हणूनच बहुधा त्यांनी एम.ए.चा फॉर्मही पुढ्यात टाकला.

त्यात तीन चौकोन होते : क्लिनिकल, समुपदेशन, औद्योगिक. एकावर खूण करायची. मी चौतिशीचा, चुकलं तर पुन्हा फिरायला वय नाही. मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला तरी चुकायच्या भीतीनं तिन्ही चौकोन कोरेच.

केंद्रात रोज सकाळी मीटिंग असते. एकेकानं उभं राहून एक खरी गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही. इतकी वर्षं मी तिथं फक्त सतरंजी अंथरली होती. त्या दिवशी उभा राहिलो.

"मी क्लिनिकल घेणार," म्हणालो. "कारण शब्द वजनदार आहे. गावाकडं सांगायला बरा."

नियम गेला चुलीत.

"एम.ए.नंतर परत कोर्स, मग सरकारी नोंदणी," राहात्याचे रिटायर गुरुजी म्हणाले. तिसऱ्यांदा भरती झालेले, पण सगळी माहिती पक्की. "तेही नोकरी सोडून. तोवर आम्ही वर गेलेलो असू."

"औद्योगिक घे की," कर्जतकडचा फिटर म्हणाला. "आमच्या शुगर फॅक्टरीत तसला साहेब हाय. एसीत बसतो अन् इचारतो, कामगार सुखी हाय का."

"मग तुम्ही काय सांगता?" मी विचारलं.

"सुखी! पिऊनच जायचो ना आमी."

सगळी सतरंजी हसली. गुरुजी तेवढे हसले नाहीत.

"विषय राहू दे. दहा वर्षांनी रोज सकाळी कुणाचं थोबाड बघायचंय तुला? चाचण्यांच्या कागदांचं, भरतीच्या रांगेचं, का आमच्यासारख्यांचं? ते आधी ठरव, अन् तिथून मागं मोजत ये."

मी सगळ्यांकडं बघितलं. सुजलेले डोळे, उलटे घातलेले बनियन, एकानं तर ब्रशच तोंडात ठेवलेला.

"तुमचंच," म्हणालो.

"लई वंगाळ आवड हाय बाबा," फिटर म्हणाला.

मॅडमना विचारलं, केंद्राला कोण हवंय. त्या म्हणाल्या, "आजार ओळखायला मी आहे. बोलतं करणारा माणूस हवाय." फॉर्म घेऊन बसलो, तर पेन हातात ठरेना. फिटरनं वाकून माझ्या थरथरत्या बोटांकडं निरखून बघितलं.

"चंद्रपूर, सोडून किती दिस झाले रं?"

"भ्यायचं सोडून? आज पहिलाच दिवस," मी म्हणालो, आणि समुपदेशनावर खूण केली.