फणेरपेटीखालची चिठ्ठी

दत्तूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच माडीच्या जिन्यावर उभी होते. दहा वाजून गेले होते आणि दाराला कुलूप होतं. उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, कधी वेळ चुकवायचा नाही. आज बरे सापडलात, असं म्हणून त्यांना चिडवायचं मी ठरवत होते... तेवढ्यात त्यांच्या पुतण्याचा फोन आला. झोपेतच गेले म्हणाला. मी तिथेच पायरीवर बसले.

राजापूरच्या बाजारात पावसाळ्यात अर्जुना नदीचं पाणी शिरतं, म्हणून आमचं छोटंसं संग्रहालय वरच्या मजल्यावर. संग्रहालय हा शब्द फक्त पाटीवर. गावाच्या तोंडी ती दत्तूदादांची माडी. नोकरीत असताना आडगावांच्या फेऱ्यांवर कुणी वाळवी लागलेले मोडी कागद चुलीत घालायला निघालेलं दिसलं, कुणी जुनी लाकडी मापं टाकायला काढली, की दादा ती मागून घेत आणि आपल्या सीटखाली ठेवून आणत. निवृत्तीनंतर त्यांनी ती मांडली. मी इथल्या शाळेत बाई; शाळा सुटली की मदतीला जायची. त्यांचा एकच नियम होता. वस्तू माडीवर राहील, पण ती ज्यांची त्यांचीच. लग्नाला, गणपतीला ती घरी जाणार, कार्य उरकलं की परत येणार. रिकाम्या जागी दादा एक पुठ्ठा ठेवत: ‘घरी गेली आहे.’

सुलोचनाकाकींनी त्यांच्या आईची फणेरपेटी दिली ती याच बोलीवर, की नातीच्या लग्नाला ती मांडवात हवी. शिसवी पेटी, झाकणाच्या आत आरसा, खाली फणी-करंड्याचे कप्पे. काकींची आई रोज कपाळाला मेण लावून वर कुंकू टेकवायची आणि बोटाला उरलेलं झाकणाच्या कडेला पुसायची. वर्षानुवर्षांच्या त्या बोटांनी तिथे लाल-काळा जाड थर धरला होता.

तो मी पुसला.

दुसऱ्या दिवशी शाळेची मुलं बघायला येणार होती. दुसऱ्याच्या घरची वस्तू चारचौघांपुढे मळकी ठेवायची नाही, हे आम्हा बायकांच्या अंगात इतकं मुरलेलं, की मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. खोबरेल तेल आणि चिंधी घेऊन बसले आणि पेटी लख्ख करून टाकली. वर दादांना कौतुकाने दाखवायला नेली! त्यांनी झाकण उघडलं, कडेवरून बोट फिरवलं, आणि ते बोट उजेडात धरून बघितलं. मग म्हणाले, “अगो बाय, तो मळ नव्हता. सुलोचनाची आयस होती ती.”

मी रडायलाच लागले. आत्ता जाऊन काकींना सांगते म्हटलं. त्यांनी मला अडवलं. “बायका तुझ्या भरवशावर वस्तू देतात. तो गेला तर माडीवर कोन चढेल? माझं काय, कंडक्टर मानूस, शिव्या खायची सवय हाय मला.” ते एकटेच गेले आणि आपल्या हातून झालं म्हणून सांगून आले. एवढ्यावर भागलं नाही. पेटीखाली त्यांनी चिठ्ठी लावली: ‘आतील कुंकू माझ्या हातून पुसले गेले. – दत्ताराम.’ मुलं ती मोठ्याने वाचायची आणि मी, त्यांची बाई, शेजारी उभी राहून ऐकायची.

सुलोचनाकाकींनी पेटी परत नेली नाही, पण सहा वर्षं त्या दादांशी बोलल्या नाहीत. बाजारात ते समोरून आले तर पदर सावरून दुसऱ्या कडेने जायच्या. दादा नुसते हसायचे, पण त्या दिवशी त्यांचा चहा तसाच निवून जायचा. मी सांगायला हवं होतं. दर वर्षी ठरवायची, आणि दर वर्षी मला माझं शाळेतलं बाईपण आडवं यायचं. भित्री होते, दुसरं काय. शेवटच्या भेटीत ते उत्साहात होते. “सुलोचनाच्या नातीचं लगीन ठरलाय. पेटी न्यायला ती सोता येईल बघ. आरशाचा खिळा सैल झालाय, तेवढा घट्ट करून ठेवूया.” तो त्यांनी स्वतःच घट्ट करून ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

काकी आल्या, पण दादांना जाऊन महिना लोटल्यावर. अंत्ययात्रेलाही त्या आल्या नव्हत्या. जिना चढून धापा टाकत आत आल्या आणि कोपऱ्यातल्या दादांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मी पेटी त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगून टाकलं. काकी किती तरी वेळ पेटी पोटाशी धरून होत्या. मग वळून त्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या, “सहा वर्सं तोंड फिरवलं मी त्याच्याकडनं... आता कोनाला सांगू गो हे?”

मला त्यांनी एक शब्दही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

पेटी लग्नघरी गेली आणि चार दिवसांनी परत आली. झाकणाच्या कडेला कुंकवाचं एक ताजं बोट होतं, नातीचं. मी चिंधीला हात लावला नाही. पेटीखाली आता माझ्या अक्षरातली, माझ्या नावाची चिठ्ठी आहे. पण गावातल्या कितीतरी लोकांनी दादांचीच वाचलेली आहे, म्हणून आज हे सगळ्यांसाठी इथेही लिहिलं.

त्यांची चिठ्ठी मला टाकवली नाही. ती आरशाखालच्या कप्प्यात घालून ठेवली आहे. आणि ‘घरी गेली आहे’ लिहिलेला तो पुठ्ठा पेटी परत आल्यावर मी उचलला, कपाटात ठेवायला म्हणून निघाले, आणि जाताना दादांच्या खुर्चीवर टेकवला... अजून तो तिथेच आहे.