खिशातल्या तीन ग्रिपा

मी अकोल्यात मुलांना वायरमनचं काम शिकवतो. माणूस खडूस आहे, असं मुलं माझ्या पाठीमागे म्हणतात आणि बायको तोंडावर. चुकीचं नाव कानावर पडलं की माझं डोकं फिरतं. रोहित्राला सगळा जिल्हा डीपी म्हणतो, स्टार्टरला पेटी म्हणतो. आणि मेन स्विच असो, स्टार्टरचं बटन असो की देवघरातल्या दिव्याचं, सगळ्यांना मिळून एकच शब्द, खटका. उत्तरपत्रिकेत खटका दिसला की मी अर्धा गुण कापतो.

यामागे नुसता हट्ट नाही. स्टार्टरचं लाल बटन दाबलं की मोटर थांबते, पण वीज स्टार्टरपर्यंत येऊन उभीच असते. ती तोडतो मेन स्विच, म्हणजे पुस्तकातला आयसोलेटर. त्याचा दांडा खाली ओढायचा आणि आतल्या फ्यूजच्या चिनी मातीच्या तीन ग्रिपा उपटून काढायच्या. थांबवणं वेगळं, तोडणं वेगळं. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि मुलांकडून घोकून घेतो.

माझे वडील मात्र कधी माझ्या फळ्यासमोर बसले नाहीत. पातूरजवळ आमचं फुलांचं वावर आहे, ते अजून तेच बघतात. मी सुट्टीत गेलो की त्यांना सुधारायला जायचो. ते पाणी धरता धरता ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तुह्या आयसोलेटरनं झेंडूले जास्त पाणी भेटते काय? खटका म्हटलं का समजते ना सगळ्याईले? मंग झालं."

एक सवय मात्र त्यांची पक्की. मोटरच्या कोणत्याही कामाआधी ते ग्रिपा काढून बंडीच्या खिशात टाकायचे आणि काम संपेपर्यंत खिसा चाचपत राहायचे. मला त्याचं हसू यायचं. ग्रिपा बाजूला ठेवल्या तर काय पळून जातात?

एका वर्षी दसऱ्याच्या तोंडावर बोअरची मोटर बंद पडली. झेंडू कळीवर आलेला. बाबांचा फोन आला तसा मी पहिली एसटी धरून गेलो. बोअरच्या तोंडापाशी केबलचा जोड जळला होता, तासाभराचं काम. परतीची गाडी मिळेल, असा हिशेब करत मी पक्कड उचलली. लाईन गेलेलीच होती. मी स्टार्टरचं लाल बटन दाबलं आणि बोअरपाशी जाऊन बसलो.

त्या स्टार्टरला ऑटो होता. लाईन आली की मोटर आपोआप सुरू होते. लाल बटन आधी दाबलेलं असलं तरी होते. बाबांची पायपीट वाचावी म्हणून तो मीच बसवून दिला होता, आणि त्या दिवशी मीच विसरलो होतो.

बाबा मागे पेटीजवळ घुटमळत होते. मी न वळताच ओरडलो, "बाबा, तिकडं उगाच काही हलवू नका!"

जुना जोड कापून मी तारा सोलल्या. उघडं तांबं दोन्ही हातांत धरलेलं असतानाच शेजारच्या वावरातल्या नळीतून भसकन पाणी पडल्याचा आवाज आला. त्यांच्याकडेही ऑटो होता. लाईन आली होती.

तारा टाकून द्याव्यात एवढंही मला सुचलं नाही. आता आमचा स्टार्टर खट् वाजेल आणि हातातल्या तारांत वीज येईल, याची मी वाट बघत होतो. तो वाजला नाही.

मी वळून पाहिलं. मेन स्विचचा दांडा खाली होता. बाबा बांधावर बसले होते आणि एक हात बंडीच्या खिशावर होता.

"तू त थेट जाऊन बसला," ते म्हणाले. "म्या वाट पायली, आता काढशीन, मंग काढशीन. मंग मीच काढल्या."

मला इतकी लाज वाटली की मान वर होईना. प्रत्येक तार मी दोनदा टेस्टरने तपासून मगच धरत होतो. जोड पुरा करायला दोन तास लागले आणि परतीची गाडी गेली. बाबांनी ग्रिपा परत लावल्या तेव्हा मी त्यांना कोणत्याच वस्तूचं नाव सांगितलं नाही.

वर्गात खटका लिहिलं तर अर्धा गुण मी अजूनही कापतो. पण प्रात्यक्षिकाला ज्याच्या खिशात ग्रिपा नाहीत, त्याला थेट नापास करतो.

आता बाबांना वावरात फारसं चालवत नाही. झाडाखाली बाज टाकून ते बसून असतात. मी पक्कड घेऊन बोअरकडे निघालो की तिथूनच हाक येते, "इकडं ये. खिसा दाखव."

आणि केस पांढरे झालेला मी मास्तर बाजेपाशी जाऊन शर्टाचा खिसा उघडून त्यांच्यासमोर धरतो. ते आत बोट घालून तिन्ही ग्रिपा मोजतात. मग म्हणतात, "जा आता."